द्वारकावहिनीच्या उंचीचं टेबल

सुभाषचा फोन आला तेव्हा मी वाशिमच्या घरी ओट्याशी उभी राहून चहा गाळत होते. "आत्या, आई गेली," एवढंच तो बोलला. सकाळी अंघोळ करून, चहा पिऊन, जराशी खाटेवर टेकली ती टेकलीच. वय झालं होतं, दुखणं नव्हतं, कुणाला उठबस करायला लावली नाही, चांगलं मरण आलं... असं सगळे म्हणाले. म्हणोत. मला मात्र तिचा रागच आला. पोळ्याला मालेगावला या, तुमच्यासाठी सागाचा पाट करायला घेतलाय, आल्या नाहीत तर दुसऱ्या कुणाला देऊन टाकीन, असं तिनंच मला दमात घेतलं होतं. मी पोळ्याची वाट पाहत बसले आणि ही बाई त्याआधीच निघून गेली.

आमच्या वाशिमजवळच्या मालेगावच्या स्टँडवर उतरले तर समोरच तिचा मोठा फलक. हात जोडलेला फोटो, कडेला झेंडूची छापलेली फुलं, आणि खाली लिहिलेलं: 'शांत, सोशिक व मनमिळाऊ स्वभावाच्या...' तीन विशेषणं आणि तिन्ही खोटी! आपल्याकडे बाई मेली की तिला हे तीन शब्द नेसवूनच नेतात, मग ती हयातभर कशीही वागलेली असो. द्वारकावहिनी शांत नव्हती, तिचा आवाज करवतीच्या मशिनीच्याही वर ऐकू जायचा. सोशिक तर अजिबात नव्हती. आणि मनमिळाऊ म्हणाल, तर अर्ध्या मालेगावाशी तिचं एकेकदा भांडण होऊन गेलेलं होतं. तो फलक उतरवणं माझ्या हातात नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

ती माझ्या थोरल्या भावाची, गजाननदादाची बायको. आमचं घर सुतारांचं. पुढे गल्लीच्या अंगाला पत्र्याची मोठी पडवी, तोच कारखाना, आणि मागे दोन खोल्या. बाबा गावोगावच्या शेतकऱ्यांच्या तिफणी, वखरं, बैलगाड्या करत. दादा त्यांच्या हाताखाली तयार झालेला. वहिनी रिठदची, तीही सुताराचीच लेक. लाकूड तिला लग्नाआधीपासून कळत होतं. दादा आखणी करायचा तेव्हा गेरूत भिजवलेल्या दोरीचं दुसरं टोक तिच्या हातात असायचं, आणि मोठी फळी चिरायची झाली की पडवीचं दार आतून लावून घेऊन ती करवतीचं दुसरं टोकही ओढायची. दार लावायचं ते लोकांसाठी. सुताराच्या घरच्या बाईनं लाकूड झाडावं, भुसा भरावा, चुलीत ढलप्या घालाव्यात. हत्याराला हात लावू नये. आणि लाकडाला पाय तर नाहीच नाही.

हे पायाचं जरा सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आमच्याकडचा सुतार उभा राहून काम करत नसे. जमिनीवर बसायचं, एक पाय मुडपून घ्यायचा, दुसऱ्या पायाच्या अंगठ्यानं आणि टाचेनं लाकूड दाबून धरायचं, आणि वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, चालवायची. पाय म्हणजे सुताराचा तिसरा हात. बाबांच्या उजव्या पायाचा अंगठा आल्याच्या गड्ड्यासारखा वाकडातिकडा झालेला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. आता सांगा, गल्लीकडे तोंड करून बाई अशी बसणार कशी? आणि बसली समजा, तरी तिचा पाय लाकडाला लागला की लाकूड बाटलं, काम मार्गी लागत नाही, असं बाबा मानत. म्हणजे आडकाठी बुद्धीची नव्हती, ताकदीची नव्हती. आडकाठी बसण्याची होती!

दुष्काळाचं मोठं साल सरलं आणि पुढच्या एक-दोन वर्षांत दादा काविळीनं गेला. डोळे पिवळे झाले, अन्न जाईना, मालेगावच्या दवाखान्यातून अकोल्याला हलवा म्हणाले, तिथवर पोचलाच नाही. तेव्हा आमचा वाशिम जिल्हा झालेला नव्हता, मोठं काहीही झालं की अकोल्याचीच वाट धरावी लागे. सुभाष रांगत होता. आमच्या घराण्यात अशी रीत आहे की घरातला कारागीर गेला की त्याचं हत्यार धुऊन, हळदकुंकू लावून, दिव्याशेजारी मांडायचं. तेरवीपर्यंत घरात कुणी लाकडाला हात लावायचा नाही. दादाची वाकस अशी मांडली होती. वहिनी त्या वाकसेसमोर बसून असायची. रडायची नाही. तिच्या तोंडाकडे पाहून मला भीती वाटायची, कारण ते तोंड रडणाऱ्या बाईचं नव्हतं, चिडलेल्या बाईचं होतं.

तेरवी झाली आणि रिठदहून तिचा थोरला भाऊ नामदेव तिला न्यायला आला. माणूस वाईट नव्हता. बहिणीला दोन घास घालायची त्याची तयारी होती, आणि तेच तर वहिनीला नको होतं. भावाच्या अंगणातली विधवा बहीण म्हणजे काय, हे तिनं तिच्या आत्याच्या रूपात पाहिलेलं होतं. त्याच दिवशी लाकडाच्या वखारीचे बाबूशेठही भेटायला आले. शिरपूरला एक लहानशी धर्मशाळा बांधून व्हायची होती, तिच्या दारंखिडक्यांचं काम शेठजींच्या हाती होतं आणि ते त्यांनी दादाला देऊ केलेलं होतं. पांढरं धोतर, काळी टोपी, बोलणं मोजकं. ओसरीवर बसून म्हणाले, "गजानन गेला, लई वाईट झालं. ते दरवाजाचं काम आता मी अकोल्याकडं देतो. तुमी मनाले लावून घेऊ नका."

बाबा मान हलवणार तेवढ्यात दाराआडून आवाज आला.

"मले द्या."

नामदेवला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. बाबा दाराकडे पाहतच राहिले. शेठजी तेवढे हलले नाहीत. त्यांनी विचारलं, "तुमाले म्हंजे कोनाले?"

"मले अन् मामाजीले. जोडकाम मामाजी करतीन. चिरकाम मी करीन." मामाजी म्हणजे बाबा, तिचे सासरे.

"हातानं चिरून कधी होईन ते? मले पौषातल्या गर्दीच्या अगोदर पायजेत, यात्रेचे लोक येतात."

"हातानं नाही. मशीन आनीन."

मशीन आणायचं दादाच्या मनात होतंच. गोल करवतीची मशीन, आमच्याकडे कारागीर तिला कटर म्हणत. बटन दाबलं की पातं फिरतं, फळी पुढे ढकलली की झाली दोन. आमच्या गल्लीत शेजारच्या पिठाच्या गिरणीमुळे मोठी लाइन आलेली होती, त्यामुळे विजेचीही सोय होती. दादा दोन वर्षं त्या मशिनीबद्दल नुसता बोलत होता. शेठजींनी थोडा विचार केला आणि मी आजवर ऐकलेलं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य बोलले, "मले दरवाजे सरळ पायजेत. ते कोन बनवते याच्याशी मले काय घेनं-देनं?" आणि टोपी नीट करून उठले.

नामदेवनं मात्र हात टेकले नाहीत. "दारकी, पदर गेला त्या मशिनीत तं मुंडकं जाईन तुहं," तो ओरडला. मग खूप बोलाचाली झाली, आणि शेवटी त्यानं तोड काढली. पौषापर्यंत दरवाजे झाले, लागले, तर तिनं मालेगावातच राहावं, तो पुन्हा विषय काढणार नाही. नाही झाले, तर पोराला उचलून मुकाट रिठदला यायचं आणि मशीन विकून टाकायची. "कबूल," वहिनी म्हणाली. मी तेव्हा मॅट्रिक होऊन मास्तरकीच्या कोर्ससाठी नंबर लागायची वाट पाहत घरी बसले होते. मला वाटलं ही वेडी झाली आहे. पण वेडी असो की शहाणी, मला ती जायला नको होती. ती गेली असती तर त्या घरात माझ्याशी भांडणारं कुणीच उरलं नसतं.

मशीन आणायला अकोल्याला तिघं गेलो. बाबा, वहिनी आणि मी. पैसे कुठून आणले ते सांगत बसत नाही, तिच्या हातातल्या पाटल्या परत येताना हातात नव्हत्या एवढं पुरे. आता मी कशाला? तर दुभाषी म्हणून! सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नाही, डोक्यावर पदर घेऊन तिसऱ्या माणसाच्या तोंडून बोलायचं, ही आमच्याकडची रीत. ती 'मामाजीले सांगा' म्हणणार, बाबा 'यमू, तिले सांग' म्हणणार, आणि मी मधे उभी राहून दोघांनीही नीट ऐकलेलं दोघांनाही पुन्हा ऐकवणार. घरात ते बरं चालायचं. पण मशिनरीच्या दुकानात, मागे पातं गरगरत असताना, मी दोघांच्या मधे उभी राहून ओरडते आहे हे पाहून दुकानातली पोरं तोंडावर हात घेऊन हसत होती.

दुकानदारानं तीन मशिनी दाखवल्या. एक ओतीव लोखंडी टेबलाची, राजासारखी, चाक फिरवलं की टेबल वरखाली होणारी. तिच्याकडे आम्ही दुरूनच पाहिलं. दुसरी 'एकात तीन'. तिच्यात पातं होतं, रंधा होता आणि भोक पाडायची सोयही होती. तिसरी मशीन म्हणजे मशीनच नव्हे. गोल पातं, ते फिरवणारा जाड दांडा, दोन बाजूंना बेअरिंग, एक पुली आणि सुटी मोटार. टेबल तुमचं तुम्ही करून घ्या. बाबांचा जीव एकात तीनवर बसला. दुकानदारही तीच गळ्यात मारायला बघत होता. "काका, घरची तीनही कामं एकाच मशिनीवर," तो म्हणाला. बाबा माझ्याकडे वळले, "यमू, तिले सांग, हेच घेऊ. रंधा बी येते याच्यात."

वहिनी आधी त्या मशिनीसमोर जाऊन उभी राहिली आणि दोन्ही तळवे टेबलावर ठेवून पाहिले. ती ठेंगणी, टेबल तिच्या बरगड्यांपर्यंत येत होतं. मग तिनं वाकून पट्टा कुठून जातो ते पाहिलं. मोटारीकडून पुलीकडे जाणारा पट्टा बाजूनं होता, उघडा, नेमका माणूस उभा राहतो तिथं. ती सरळ झाली आणि मला म्हणाली, "यमूबाई, मामाजीले म्हना, खांद्यावरचा दुपट्टा द्या."

"कायले?" बाबांनी मला विचारलं.

"म्हना, द्या तं खरं."

बाबांनी दुपट्टा दिला. दुकानदार मशीन चालू करून टेबलावर फळी सरकवून दाखवत होता, त्याचं लक्ष नव्हतं. वहिनीनं दुपट्ट्याचं टोक पदर लोंबतो तसं पट्ट्याच्या बाजूला नुसतं सोडलं. सपकन आवाज झाला. दुपट्टा तिच्या हातातून सुटला, पुलीला गुंडाळला गेला, पट्टा घसरून खाली पडला आणि मशीन घरघरत राहिली. पोरांचं हसणं थांबलं. दुकानदार धावत आला आणि आमच्यावर तोंडसुख घेऊ लागला, बाईमाणसाला दुकानात आणता कशाला म्हणून. वहिनी त्याच्याकडे पाहतही नव्हती. ती बाबांकडे पाहत होती. पुलीतून निघालेल्या चिंध्या हातात घेऊन बाबा उभे होते. त्यांना काय दिसलं असेल ते मलाही दिसलं.

"यमूबाई, मामाजीले सांगा, ते तिसरं घेऊ. टेबल घरचं, उंची माही. पट्टा खाली घेऊ, पेटीत बंद करू."

मी सांगितलं. बाबांनी मान हलवली. येताना एसटीच्या टपावर ते सामान बांधलेलं होतं आणि मोटार आमच्या पायाशी, पोत्यात.

आता चूक सांगते. ही चूक दुसऱ्या कुणाच्या घरात झालीच नसती, ती सुताराच्याच घरात व्हायची. टेबल बाबा करणार हे ठरलेलं होतं. त्यांनी जुनं, मुरलेलं सागवान काढलं, कारखान्यात आम्हाला फिरकू दिलं नाही, आणि पाठ दुखेपर्यंत मेहनत करून असं टेबल केलं की त्याच्यावरून हात फिरवला तर जोड लागू नये. पडवीचं दार उघडून त्यांनी आम्हाला बोलावलं. आम्ही दोघी आत गेलो आणि पाहतच राहिलो. टेबल जमिनीपासून जेमतेम हातभर उंच होतं! वर मधोमध पातं, आणि खाली मोटारीला जागाच उरलेली नसल्यामुळे मोटार लांब कोपऱ्यात ठेवून पट्टा जमिनीलगत उघडाच आणलेला. शेजारी बसायला गोणपाटाची घडीसुद्धा घालून ठेवली होती. बाबा खोडसाळपणा करत होते असं कुणी समजू नये. अकोल्यात त्यांनी मशिनी उभ्या पाहिल्या होत्या, पण त्या त्यांच्या लेखी शहरातल्या मशिनी होत्या. स्वतःच्या घरात, स्वतःच्या हातानं, सुतारासाठी टेबल करायला घेतल्यावर त्यांच्या हातांनी बसलेल्या माणसाचंच टेबल केलं. फिरत्या पात्यापुढे बसून पायानं फळी धरायची! जन्मभर असंच काम केलेल्या माणसाला त्यात काही वावगं दिसलंच नाही.

मी रात्रभर धुसफुसत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा कुणाच्या तरी मोडलेल्या गाडीसाठी शेतात गेले आणि वहिनीनं मला हाक मारली, "यमूबाई, पहार घ्या." पडवीच्या मागच्या कोपऱ्यात बैलगाडीच्या चाकांचे मधले ठोकळे पडलेले होते, ज्यांच्यात आरे बसवतात ते, बाभळीचे, गच्च वजनाचे. दादानं दोन गाड्यांसाठी ते तयार केले होते. पण लोकांनी तोवर रबरी टायरच्या गाड्या घ्यायला सुरुवात केली आणि त्या ठोकळ्यांना कुणी विचारेना. त्याच्या हातचं शेवटचं मोठं काम ते. आम्ही दोघींनी ते लोळवत आणले. पहारीनं टेबलाचा एकेक कोपरा उचलायचा, खाली उभा ठोकळा सरकवायचा. माझं मनगट मुरगळलं, तिच्या पायावर ठोकळा पडता पडता राहिला, दोघी घामानं निथळलो, पण चारही कोपऱ्यांखाली चार ठोकळे लागले. वहिनी टेबलापुढे उभी राहिली आणि तळवे टेकवले. बरोबर तिच्या कमरेशी. खाली मोटारीला ऐसपैस जागा झाली. आता पट्टा आत घेऊन चहूबाजूंनी फळ्या ठोकल्या की तो दिसणारसुद्धा नव्हता.

संध्याकाळी बाबा आले. दारातच थांबले. आपण केलेलं टेबल चार ठोकळ्यांवर चढून बसलेलं पाहून त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता वाकस भिरकावतात की काय. आवाज मात्र त्यांनी चढवला नाही.

"यमू, तिले इचार, सुतार उभ्यानं काम करतांनी कधी पाह्यला का तिनं?"

मी तोंड उघडलं होतं. पण मला बोलावंच लागलं नाही. वहिनी वळली. डोक्यावरचा पदर डोक्यावरच होता, तो तिनं ढळू दिला नाही. पण ती त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिली आणि लग्न होऊन त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली.

"मामाजी, बसून काम कराचं तं लाकूड पायानं धरा लागते. अन् तुमीच म्हनता, बाईचा पाय लाकडाले लागू देऊ नोका. मंग मी काय हवेत बसू? उभ्यानं पाय लागतच नाही. तुमची रीत बी राह्यते, माहं काम बी होते. अन् मी रिठदले जात नाही. तुमी हाकललं तरी जात नाही."

बाबा पुढे आले, टेबलाभोवती फिरले, खाली वाकून दादाचे ठोकळे पाहिले. त्यातल्या एकावर हात ठेवला आणि काढून घेतला. मग टेबलाला दोन्ही हातांनी जोरात हिसका दिला. टेबल डुगडुगलं.

"यमू," ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "तिले सांग, ठोकये हालून राह्यले. खालून पाचरी मार म्हनाव. बाभयीच्या मारजो, सागाच्या टिकत नाहीत."

"मारतो, मामाजी," वहिनी म्हणाली.

त्या दिवसापासून तिनं त्यांच्याशी बोलणं सोडलं नाही आणि त्यांनी मरेपर्यंत तिच्याशी थेट बोलायला सुरुवात केली नाही. माझं लग्न होऊन मी निघून गेल्यावर तर ते दाराच्या चौकटीकडे पाहून सांगायचे, "कोनी सांगा रे तिले, ही फयी वाकडी हाये." आणि ती उत्तर द्यायची, "दिसली, मामाजी."

दरवाजांचं काम सुरू झालं. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया लुगड्यावरून नवऱ्याचा सदरा घालतात तसा तिनं दादाचा खाकी सदरा घातला, बाह्या कोपराच्या वर गुंडाळल्या आणि पदर आत खोचून टाकला. त्या सदऱ्यावरून गल्लीत काय काय बोललं गेलं! एका शेतकऱ्यानं बाबांना सांगितलं, विधवेचा हात लागलेली तिफण मी वावरात नेणार नाही. वहिनीनं मशीन बंद करून बाहेर येऊन विचारलं, "तुमची तिफन मामाजी करतात. पन घरी भाकर कोनाच्या हातची खाता भाऊ? तुमची माय बी विधवाच हाये नं?" तो माणूस पुढे आमच्याकडे आला नाही. आणि आला नाही म्हणून तिनं एकदाही हळहळ केली नाही. आत दोघं काम करायचे. बाबा खाली गोणपाटावर बसून जोड पाडत, ती त्यांच्या डोक्याशी उभी राहून चिरत असे. फळी ती कधी हातानं पात्यापर्यंत नेत नसे, शेवटच्या वितीला काठीनं ढकलायची. मालेगावातल्या किती कारागिरांची बोटं अशा मशिनींनी खाल्ली. ही मात्र आपली सगळी बोटं घेऊन सरणावर गेली.

आणि दारात तिनं एक मोठा खिळा ठोकला. कारखान्यात पाऊल टाकणाऱ्यानं खांद्यावरचं, गळ्यातलं जे काय लोंबतं ते आधी खिळ्याला अडकवायचं. पहिला नवा दुपट्टा बाबांनी अडकवला, न सांगता. पुढे बाबूशेठचं उपरणं त्याच खिळ्याला लागलं, आणि निवडणुकीच्या वेळी मतं मागायला आलेल्या एका पुढाऱ्यालाही तिनं दारात अडवून म्हटलं होतं, "गळ्यातलं काढा अगोदर, मत नंतर मागा." त्यानं निमूटपणे काढलं.

पौष लागायच्या आधी शिरपूरच्या धर्मशाळेला दारं लागली. नामदेव ठरल्याप्रमाणे पाहायला आला. आम्ही सगळे तिथंच होतो. त्यानं एक दार उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. कुठंतरी घासावं, कुठंतरी अडावं म्हणून तो बिचारा दुसऱ्या दाराकडे गेला, तिसऱ्याकडे गेला. एकही दार अडेना. शेठजी सावलीत उभे राहून पाहत होते. शेवटी नामदेवनं दाराला हात लावून ठेवला आणि म्हणाला, "दारकी, मी निंगतो. मंग बस भेटत नाही." ती त्याला स्टँडपर्यंत पोचवायला गेली, मी बरोबर होते, आणि परत येताना रस्त्यात जोरजोरात रडली. दादा गेल्यावर मी तिला रडताना पाहिलं ते तेवढंच. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं, ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

त्यानंतरची वर्षं तिनं त्या टेबलापुढे उभ्यानं काढली. सुभाष मोठा झाला, बापासारखा उंच निघाला, आणि त्याच टेबलावर काम शिकला. त्याला वाकावं लागायचं, कंबर धरायची. त्यानं किती वेळा आईच्या नाकदुऱ्या काढल्या, "आई, ठोकये काढून उंच पाय लावू, नाहीतं खाली दोन इटा घालू." तिचं उत्तर ठरलेलं, "टेबल माह्या उंचीचं हाये. तू वाक." बाहेरून ऑर्डरी येऊ लागल्या, नव्या मशिनी आल्या, हातात धरायचे कटर आले, पण ते टेबल, ते ठोकळे आणि बाबांचा शब्द ऐकून मारलेल्या त्या बाभळीच्या पाचरी जागच्या हलल्या नाहीत. थकल्यावरही ती रोज सकाळी येऊन तळवे टेकवून जायची. माझा पाट तिनं तिथंच करायला घेतला होता.

आणि ती गेली तेव्हा काय झालं? दिवा लावला, फोटो ठेवला, आणि हत्यार मांडायची कुणाला आठवणच नाही! मी सुभाषला विचारलं. भावकीतले एक म्हातारे ओसरीवर बसले होते, ते म्हणाले, "बाईचं हत्यार मांडत नसतात. आपल्यात तशी पद्धत नाही." मी सासरी गेलेली, वय झालेलं, पाहुणी. पण माझा तोल गेला.

"हे पाहा," मी म्हटलं, "पद्धत नाही तं मंग शिरपूरले जा, अन् धर्मशाळेची सारी दारं उचकटून आना. कारन ती कोनीच केली नाहीत. आना, मंग मी गप बसतो."

कुणी उठलं नाही. सुभाष उठला. कारखान्यात गेला, नट सोडवून पातं काढलं, हळूच धुतलं, पुसलं, हळदकुंकू लावलं आणि दिव्याशेजारी उभं केलं. आमच्या घरात बाईचं हत्यार पहिल्यांदा मांडलं गेलं. म्हातारे भिंतीकडे तोंड करून बसले. बसू द्या.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी निघण्याआधी कारखान्यात गेले. खिळ्याला तिचा खाकी सदरा होता. दादाचा तो कधीच विरला होता, त्याच्यानंतरचे कितीतरी झाले, पण ती खाकीच घ्यायची. टेबलावर माझा पाट अर्धा चिरून पडलेला होता. सुभाषनं पातं पुन्हा बसवलं होतं. त्याचा मेहुणा दारात विटा घेऊन उभा होता, "भाऊजी, आतातरी उंच करून घ्या, आयुष्यभर कंबर मोडून घेतली." सुभाषनं त्या विटांकडे पाहिलं. मी काही बोलले नाही, शप्पथ.

"ठेवा तिकडं कुठं," तो म्हणाला.

मग त्यानं गळ्यातला दुपट्टा काढून आईच्या सदऱ्यावर अडकवला, माझ्या पाटाची फळी उचलली, टेबलापुढे उभा राहिला आणि वाकला.